तुळसाबाईचं माप

माझ्या बहिणीचं पोट लहान आहे ही गोष्ट घरात सगळ्यांत उशिरा मला कळली. या विषयात माझं मत कोणी विचारत नाही. मी गारीगार विकतो. उन्हाळ्यात सायकलच्या मागे पत्र्याचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात काड्यांवरचा लाल-पिवळा गोडवा. हिवाळ्यात मी घरीच असतो आणि आई शेजाऱ्यांना सांगते, "मार्तंड सध्या शिकून राहिला." काय शिकतो ते तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

साल सत्त्याहत्तर. माघ महिना. प्रेमिलाताई पहिल्या बाळंतपणासाठी उमरेडहून महाल वस्तीत आमच्याकडे आली होती. आली तेव्हा ओठ पांढरे, डोळ्यांखाली शाई, आणि दोन पायऱ्या चढली की भिंत धरून उभी. जावई देवाजी भिलाईच्या कारखान्यात. आखाडात गेले, दिवाळीला तोंड दाखवून परत गेले. ताईच्या मागोमाग तिची सासू तुळसाबाई ओटी भरायला आली. नारळ आणला, खण आणला, आणि डोळे आणले.

तुळसाबाईच्या डोळ्यांना उमरेडच्या कोष्ट्यांमध्ये मान होता. मागावर विणलेलं कापड समोरच्या दांड्यावर गुंडाळत जातात. तो दांडा किती जाड झाला हे दारातून नुसतं पाहून ती सांगायची की हे इतक्या दिवसांचं काम आहे, आणि त्यातला एक दिवस विणणारा पानठेल्यावर बसला होता. विणणारा शपथा घ्यायचा, मग कबूल व्हायचा. असे डोळे घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली आणि तिनं ताईच्या पोटाकडे पाहिलं.

ओटी नीट भरली. मग आईला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत पत्र्याची आहे, म्हणून तिथं खासगी बोलायचं असेल तर रस्त्यावर जाऊन बोलावं लागतं. तिला ते माहीत नव्हतं.

"गोदूबाई, कितवा सांगून राहिली तुमची लेक?"

"आठवा भरत आला ना."

"सहावा आहे."

"असं काहून म्हणता विहीणबाई?"

"मी नाही म्हणत, माप म्हणते. आठ महिन्यांचं काम इतकं बारीक नसते. आता उलटं मोजा. माघातून सहा मागं गेलं का सावन येते. सावनात माझा पोरगा भिलाईत होता."

आतला पळीचा आवाज थांबला. मी बाहेर खाटेवर होतो, मीही थांबलो. मी काही करत नव्हतो, तरी थांबलो.

"फागुनात झालं मंग?" आई हळूच म्हणाली. "फागुनात झालं तं नऊ भरले ना?"

"भरलेलं झालं तं आमचं. बारीक झालं तं सातव्यातच झालं म्हणायचं."

"आन् वैशाखात झालं तं?"

"मंग तं बोलायचं कामच नाही."

म्हणजे बाळ वेळेवर आलं तर ते लवकर आलेलं असणार होतं, आणि उशिरा आलं तर वेळेवर. जन्माला येण्यासाठी त्याच्याकडे एकही सोयीची तारीख शिल्लक नव्हती.

"पोर आमचं नसंल तं पोरगी तुमच्यापाशीच राहू द्या," तुळसाबाई म्हणाली. "देवाजीले मी सांगीन. तो माझ्या शब्दाबाहेर नाही." आणि ती दुपारच्या मोटारीनं उमरेडला गेली, फागुनात पाहायला येईन असं सांगून.

ताईनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. कांड्या भरायचा चरखा पुढे ओढून ती आईच्या मागासाठी सूत भरत बसली आणि बराच वेळ नुसतं चाक फिरवत राहिली, सूत न लावता.

"मले ताप येत होता, मार्तंड," ती म्हणाली. "भादव्यात लागला. थंडी वाजून यायचा. दात असे वाजायचे का मामाजी म्हणे, कोणाचा माग चालू आहे पाहा. उतरला का घामानं लुगडं ओलं. मंग दोन दिवस बरी, मंग पुन्हा. दिवाळीपर्यंत चाललं हे."

"गोळी नाही घेतली?"

"कोण देईल?"

मलेरियाचा माणूस आला होता, ती म्हणाली. खाकी कपडे, खांद्यावर बॅग. दारोदार जाऊन विचारायचा, ताप आहे का कोणाला. असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि गोळ्या द्यायचा. पण ते दिवस नसबंदीचे. बॅगवाला सरकारी माणूस गल्लीत शिरला की उमरेडचे पुरुष घरातून पसार. बॅगेत काचा आहेत की कात्री, हे थांबून कोण पाहणार? तुळसाबाईनं नवऱ्याला आणि धाकट्या मुलाला मागाखाली पाय सोडायला असतो त्या खड्ड्यात बसवलं, वरून सतरंजी टाकली, आणि दारात उभी राहून सांगितलं की घरात माणसं नाहीत, ताप नाही, काही नाही. तो तीनदा आला. तीनदा घरात काही नव्हतं.

"मंग आत्ता सांग ना सासूले, ताप होता म्हणून."

"सांगितलं. त्या म्हणते, माझ्या घरी ताप आलाच नाही."

मी विचार केला की बाईला दिवसांचा हिशोब येतो, तापाचा येत नाही. पण हे बोलून काही उपयोग नव्हता, म्हणून मी ताईला धरमपेठेत डॉक्टर यमुताईंकडे नेलं. त्या मला ओळखत होत्या. त्यांच्या दवाखान्यासमोर मी गारीगार विकत असे, आणि त्या रोज बाहेर येऊन विचारत, "पाणी कुठलं आहे?" मी म्हणायचो, "थंड." आमचं एवढंच बोलणं होतं, पण नियमित होतं.

यमुताईंनी ताईच्या पापण्या उलटून पाहिल्या, पोट चाचपलं, तापाचं सगळं ऐकून घेतलं, बोटाचं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाल्या, "रक्तात काही दिसत नाही."

"म्हणजे ताप नव्हता?" मी म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर तुळसाबाई हसत होती.

"असं नाही. गरोदर बाईच्या अंगात हा ताप वेगळा वागतो. त्याचे जंतू रक्तातून फिरत फिरत वारेत जातात आणि तिथंच ठाण मांडतात. बोटाच्या थेंबात सापडत नाहीत. वार म्हणजे काय, कळतं ना? बाळाला आईकडून जी अन्न-हवा मिळते ती वारेतून मिळते. तिथं गर्दी झाली की वाट अडते. बाळ दिवस भरतं, पण अंग भरत नाही."

"भाडेकरू घुसल्यासारखं."

"भाडेकरू भाडं तरी देतात."

ताई म्हणाली, "म्हणजे माग रोज चालला. पण कांडी अर्धीच भरून येत होती."

यमुताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच."

"कापड तं विणलं गेलं. पातळ विणलं गेलं."

"आता गोळ्या देते. लोहाच्याही देते. जे दिवस राहिलेत त्यांत वाट मोकळी होईल. मागचं भरून निघेलच असं नाही. बाळ लहान होईल, त्याला ऊब लागेल, दूध थोडं थोडं सारखं पाजावं लागेल. बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात न्या. आणि वार फेकू नका. मला आणून द्या, मला ती तपासायचीय. थंड ठेवून आणा."

थंड म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फागुनात होळी झाली. तुळसाबाई होळीच्या दुसऱ्या दिवशीच येऊन बसली, साक्षीला बसतात तशी. निवडणुकीचे भोंगे गल्लीतून फिरत होते, आणि दर थोड्या वेळानं कोणीतरी ओरडून सांगायचं की आता सगळं बदलणार. आमच्या घरात जे बदलायचं होतं ते ताईच्या पोटात होतं, आणि ते सकाळी सकाळी इतक्या घाईनं निघालं की रिक्षा बोलवायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो तेवढ्यात मुलगी झाली. गल्लीतली सुईण सखूबाई बरी की जवळच राहते.

मुलगी रडली. आवाज चांगला होता, फक्त तो कुठून येतोय ते शोधावं लागत होतं. सखूबाईनं तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं तर तुकडाच जास्त दिसू लागला.

तुळसाबाई खोलीच्या दारात आली. हात पाठीमागे. तिनं पाहिलं, मान हलवली.

"पाहा. सातव्याचं आहे."

"नऊ भरले आत्याबाई," ताई खाटेवरून म्हणाली. अंगात बोलायचं त्राण नव्हतं, तरी म्हणाली.

"माझ्या डोळ्याले कळते."

आता आमच्यात वार मातीच्या मडक्यात घालून, हळद-कुंकू वाहून, दाराशी पुरतात. पुरण्याआधी बापाकडची आजी त्यात सुपारी टाकते. तेवढंच. कोणी भाषण करत नाही. पण सुपारी पडली की पोर त्या घरचं झालं. सखूबाईनं मडकं तयार केलं आणि तुळसाबाईपुढे धरलं. तुळसाबाईनं हात पाठीमागून काढलेच नाहीत.

"मी नाही टाकत."

"अवं मंग मी काय करू? हे मडकं घेऊन नाचू?"

"ज्याचं असंल त्याले द्या."

आई पदर तोंडाला लावून कोपऱ्यात. सखूबाई मडकं धरून मधोमध. बाहेर भोंगा सांगत होता की निर्णय जनतेच्या हातात आहे. मी म्हणालो, "माझ्याकडं द्या. धरमपेठेत न्यायचं आहे."

"वेडा झाला का गा! वार घराबाहेर जाते का कुठं?" सखूबाई ओरडली. "पोरीचा जीव मागं मागं जाईन ना!"

"पोरीचा जीव इतकुसा आहे," मी म्हणालो. "तिच्यानं सीताबर्डीपर्यंत येणं होणार नाही."

"ने गा, मार्तंड," ताई म्हणाली. "इथं ठेवून तरी काय? कोणी घेऊन तं नाही राहिलं."

बर्फाच्या कारखान्यात माझं हंगामाचं खातं नुकतंच उघडलं होतं. मडक्याचं तोंड कापडानं बांधलं, डब्यात बर्फ भरला, बर्फात मडकं खोचलं, आणि निघालो. माझी चूक एवढीच की डबा तोच, सायकल तीच, आणि वरचं घुंगरू काढायचं राहिलं होतं. महालातून बाहेर पडेपर्यंत मागे पोरांची फौज.

"गारीगार! ओ गारीगार! थांब ना गा!"

"संपलं."

"आत्ताच तं निघाला! काय संपलं?"

एका म्हाताऱ्यानं भर रस्त्यात हँडल धरलं आणि वर्षातलं पहिलं गारीगार नातवाला आपल्याच हातून द्यायचं आहे असं सांगितलं. मी म्हणालो, "बाबा, आज फक्त एक नग आहे आणि तो आधीच दिलेला आहे." त्यांनी मला आशीर्वाद दिला. कशाबद्दल ते मला अजून समजलं नाही.

सीताबर्डीला सभेसाठी बंदोबस्त होता. हवालदारानं काठी आडवी घातली.

"डब्यात काय आहे?"

"बहिणीची वार."

"नीट सांग."

"नीटच सांगून राहिलो. आत्ता मोकळी झाली. डॉक्टरीणबाईले दाखवायची आहे. पोरगी लहान झाली म्हणून सासू तिले घरात घेत नाही."

त्यानं झाकण उघडलं. कापडाची गाठ सोडून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गाठ माझ्यापेक्षा चांगली बांधली, झाकण लावलं आणि काठी बाजूला घेतली. "जा, जा. पटकन जा. बर्फ कमी आहे तुझा," तो म्हणाला. त्यानं मागच्या पोरांना हाकललं आणि माझ्यासाठी अख्खा चौक थांबवला. त्या दिवशी सीताबर्डीच्या चौकातून एवढ्या मानानं दुसरं कोणी गेलं नसेल.

यमुताईंनी मडकं टेबलावर घेतलं. वार लाल असते असं मला वाटत होतं. ही काळपट होती, विझलेल्या कोळशाचा हात लागल्यासारखी. त्यांनी तिचा छोटा तुकडा काचेवर घासला, रंग चढवला, वाट पाहिली. मीही पाहिली. बसून, उभं राहून, दारात जाऊन, परत येऊन. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मला बोलावलं.

"ये. बघ."

जांभळ्या पसाऱ्यात जागोजागी काळे-तपकिरी कण दिसत होते. चहाची भुकटी सांडल्यासारखे.

"जंतूंनी रक्त खाल्लं त्याचा हा गाळ. ताप येऊन गेला तरी हा राहतो."

"मंग झालं!" मी म्हणालो. "हे सासूले दाखवतो. पोरगी नऊ महिन्यांची आहे हे सिद्ध."

"नाही."

"नाही?"

"बाळ लहान का, ते यातून कळतं. किती महिन्यांचं आहे, ते यातून कळत नाही."

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणालो, "मंग मी हे गावभर फिरवून कशाले आणलं?"

"मी सांगितलं होतं म्हणून." त्या हात धुवायला लागल्या. "महिने बाळाच्या अंगावर असतात. कोणी तिचे तळपाय पाहिले का?"

कोणीच पाहिले नव्हते. आमच्या घरात त्या पोरीचं सगळं पाहून झालं होतं, पाय सोडून.

यमुताई म्हणाल्या, इतकं लहान बाळ मला पाहायलाच हवं. त्यांनी वारेतून आणखी एक तुकडा ठेवून घेतला, मडकं मला परत दिलं, आणि त्या रिक्षात बसल्या. पुढे मी, मागे त्या. पोरांनी पुन्हा हाका मारल्या. मी थांबलो नाही. माझी चेन दोनदा उतरली.

घरी सगळे जसे सोडून गेलो होतो तसेच होते. फक्त सखूबाईनं अंगणात खड्डा खणून ठेवला होता आणि ती त्याच्या काठावर तंबाखू मळत होती. मडकं मी तिच्यापाशी ठेवलं. ताईनं मुलीला पदराखाली छातीशी घेतलं होतं. तुळसाबाई भिंतीशी, हात पाठीमागे.

यमुताईंनी मुलीला दाराच्या उजेडात घेतलं. कान दुमडून सोडला. तो टुणकन सरळ झाला. नखं पाहिली, ती बोटांच्या टोकापर्यंत आलेली. मग पाय वर धरला.

"इकडे या आजी. हे बघा. सातव्या महिन्यात आलेल्या बाळाचा तळपाय गुळगुळीत असतो, एखाद-दुसरी रेघ. हा बघा."

तुळसाबाई पुढे झाली. तिनं हात लावला नाही, पण मान खाली केली, अगदी पायाजवळ. त्या एवढ्याशा तळव्यावर टाचेपर्यंत रेघाच रेघा होत्या, बारीक, आडव्या, एकमेकींत गुंतलेल्या. ती किती तरी वेळ पाहत राहिली. अशी ती कापड पाहायची, उमरेडची माणसं सांगतात. चूक शोधताना बोलायची नाही.

"हे पूर्ण दिवसांचं बाळ आहे," यमुताई म्हणाल्या. "माझी सही हवी तर देते."

"सही नको," तुळसाबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण मंग भरली काहून नाही?"

"तेच तुम्हाला विचारते. हिला थंडी वाजून ताप येत होता का?"

"मले काय मालूम."

"घरात तुम्हीच होतात ना?"

"होती. घरी मीच होती."

"आजी, मी भांडायला नाही आले. वारेत तापाचा गाळ सापडलाय. पण हिला केव्हापासून, किती दिवस ताप होता ते मला कळलं पाहिजे. हिच्या अंगात रक्त नाही. औषध त्यावर ठरेल. तापात हिला शुद्ध नसेल, तेव्हा पाहणारं माणूस तुम्हीच."

बाहेरून सखूबाईची हाक आली, "सुपारी आणता का वं कोणी? ऊन चढून राहिलं!"

"आला होता," तुळसाबाई म्हणाली.

आईनं तोंडावरचा पदर काढला.

"आला होता म्हणजे कसा आला होता, डॉक्टरीणबाई! अख्ख्या उमरेडात कोणाले आला नसंल असा. खाट हलून राहिली होती. भादव्यात लागला तो दिवाळीपर्यंत. पाच गोधड्या घातल्या मी हिच्या अंगावर. रात रात उशाशी बसली."

महिनाभर ज्या घरात ताप शिरलाच नव्हता, तिथं तो आता माझ्यादेखत वाढत होता. बाळापेक्षा चांगला वाढत होता.

"तीन होत्या," ताई म्हणाली.

"काय वं?"

"गोधड्या. तीन होत्या. आन् एक तुमी काढून नेली. मामाजीले खड्ड्यात ओल लागते म्हणून."

तुळसाबाईचे हात पुढे आले होते, आणि आता त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"काढली होती," ती म्हणाली. "तो बॅगवाला दारात होता. मी म्हटलं घरी कोणी नाही. तू आतून कण्हून राहिली होती. त्यानं विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, शेळी आहे."

यमुताई हसल्या नाहीत. मीही नाही, आणि मला हसायला फार कारण लागत नाही.

"दोघांले धरून नेलं असतं तं?" तुळसाबाई म्हणाली. हे ती कोणाला सांगत होती ते कळलं नाही. "मले वाटलं, ताप काय, येते न् जाते."

ताईनं डॉक्टरांकडून मुलीला परत घेतलं, पदराखाली नेलं. सासूकडे पाहत राहिली. माझे पाय आपोआप दाराकडे जात होते. मी ते परत आणत होतो.

"हात धुवून या," ताई म्हणाली.

तुळसाबाई मोरीवर गेली. पाण्याचा आवाज आला, पुन्हा आला. ओले हात पदराला पुसत ती खाटेशी येऊन उभी राहिली आणि तिनं ओंजळ पुढे केली. ताईनं मुलीला दिलं नाही.

"हिले उमरेडले आणीन तं ताप आला का ताप म्हणायचं. बॅगवाला असो का कोणी असो."

"म्हणीन."

"आन् यांले भिलाईले चिठ्ठी जाईन. तुमच्या नावानं. सावनाचं काय म्हटलं होतं ते खोटं होतं म्हणून. मार्तंड लिहीन, तुमी सांगा."

तुळसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"सांगीन वं," ती म्हणाली.

ताईनं आणखी थोडा वेळ घेतला. तो तिचा होता, कोणी मागितला नाही. मग तिनं पदर बाजूला केला.

"खालून धरा," ती म्हणाली. "मान अजून धरत नाही ती."